हुलिएंना काढलं ते बरोबरच होतं

लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मोठ्या मॅनेजरांची नावं नाशिकमधल्या कुठल्याही चाहत्याला विचारा. शँक्ली, पेस्ली, डॅग्लिश तो ऐकीव माहितीवर सांगतो. बेनिटेझ आणि क्लॉप स्वतः पाहिलेले असतात, त्यामुळे तिथे आवाज चढतो. मधलं एक नाव हमखास गळतं. चाहता चाळिशीपुढचा असेल तर चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्याला आठवतं: अरे, आणि हुलिए.

जेरार हुलिए 1998 ते 2004 या काळात लिव्हरपूलचे मॅनेजर होते. 14 डिसेंबर 2020 रोजी, 73व्या वर्षी ते गेले, आणि त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर श्रद्धांजलीचा पूर आला. त्यात असेही लोक होते ज्यांनी 2003-04 च्या मोसमात त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली होती. बारा महिने मागे बसून खेळणारा रटाळ फ्रेंच मास्तर एका रात्रीत द्रष्टा झाला. मेल्या म्हशीला मणभर दूध ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

मला दोन गोष्टी एका दमात म्हणायच्या आहेत, आणि त्या एका दमात म्हटल्या की समोरचा बावचळतो असा अनुभव आहे. हुलिएंना मे 2004 मध्ये काढलं ते बरोबर होतं. आणि 1990 नंतरच्या लिव्हरपूलमध्ये केलेल्या कामाच्या मानाने इतकं कमी श्रेय मिळालेला दुसरा मॅनेजर नाही. लोकांना वाटतं यातलं एकच खरं असू शकतं. माणूस चांगला होता तर काढला का, आणि काढला तर चांगला कसा? हा प्रश्न फुटबॉलपुरता असता तर मी लेख लिहायला बसलो नसतो. आपल्या महापालिका, शाळा, सहकारी बँका, क्रीडा संघटना सगळीकडे माणसं जोखण्याची हीच पद्धत आहे. खुर्चीत असेपर्यंत हार, खुर्ची गेली की काळं, आणि माणूस गेला की पुन्हा हार.

आधी इस्तंबूल. 25 मे 2005 ची, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत. आपल्याकडे तोवर तारीख बदललेली होती. सामना सव्वाबाराला सुरू झाला आणि संपेपर्यंत तीन वाजत आले. एसी मिलाननं पहिल्याच मिनिटाला मालदिनीचा गोल चढवला, मग क्रेस्पोनं दोन. हाफटाइमला 3-0. (हाफटाइमला टीव्ही बंद करून झोपलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. सगळेच म्हणतात, आम्ही शेवटपर्यंत पाहिला.) दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटांत जेरार्ड, श्मित्सर, अलोन्सो यांचे तीन गोल, पुढे जादा वेळ, शेव्चेन्कोला दोनदा अडवणारा डुडेक, आणि पेनल्टी शूटआउटवर विजय. हुलिएंच्या जागी राफा बेनिटेझ येऊन तेव्हा एक वर्षही पुरतं झालेलं नव्हतं.

त्या रात्री लिव्हरपूलकडून चौदा खेळाडू उतरले. ती यादी एकदा हातात घेऊन वाचा. गोलात डुडेक. मागे फिनन, हिपिया, कॅरागर, ट्राओरे. मधे रिसे, जेरार्ड, अलोन्सो, लुइस गार्सिया, क्यूल. पुढे बारोश. बदली म्हणून श्मित्सर, हामान, सिसे. यातले बेनिटेझनी आणलेले दोन: अलोन्सो आणि गार्सिया. क्लबच्याच तालमीतले दोन: कॅरागर आणि जेरार्ड, आणि त्यातल्या जेरार्डला पहिल्या संघात पहिल्यांदा उतरवलं ते नोव्हेंबर 1998 मध्ये हुलिएंनीच. उरलेले दहा हुलिएंचे. सिसे मैदानात आला बेनिटेझच्या हाताखाली, पण त्याचा सौदा हुलिएंच्या काळात ठरला होता. शूटआउटमध्ये लिव्हरपूलच्या तीन पेनल्टी आत गेल्या. त्या मारल्या हामान, सिसे आणि श्मित्सर यांनी. तिघेही बदली खेळाडू, तिघेही आधीच्या माणसानं जमवलेले.

याहून मोठी गोष्ट यादीत दिसत नाही. लिव्हरपूल त्या वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये होतं तेच मुळी 2003-04 मध्ये इंग्लंडच्या लीगमध्ये चौथं आलं म्हणून. म्हणजे ज्या मोसमासाठी हुलिएंची नोकरी गेली, त्याच मोसमानं इस्तंबूलचं तिकीट काढून दिलं होतं. त्या मोसमात संघाचे गुण होते 60. पुढच्या वर्षी, बेनिटेझच्या पहिल्या आणि युरोप जिंकलेल्या मोसमात, लीगमध्ये गुण झाले 58. लिव्हरपूल पाचवं, आणि शेजारचं एव्हर्टन 61 गुणांसह चौथं. लीगचा तक्ता पाहिला तर संघ दोन गुणांनी खाली आलेला होता. पण चषक हातात असताना तक्ता कोण पाहतो.

परवा एका रविवारी मिसळीवर हाच विषय निघाला. रविवारी सकाळी मिसळीला रांग लावणं हा नाशिकचा कुळाचार आहे, आणि आमच्या टोळक्यात शनिवारी रात्रीच्या सामन्याचं शवविच्छेदन तिथेच होतं. टोळक्यातला सगळ्यात लहान, इंजिनीअरिंगचा मुलगा, क्लॉपच्या काळात चाहता झालेला. त्यानं पापड मोडून रश्श्यात टाकला आणि म्हणाला, "काका, खेळाडू विकत घेणं ही काय मॅनेजरची कर्तबगारी आहे का? पैसे क्लबचे. 3-0 पडल्यावर हाफटाइमला हामानला आणून बचावात तिघं कुणी ठेवले? बेनिटेझनं. उद्या मी स्वयंपाकघरात भाजी आणून ठेवीन आणि म्हणेन, जेवण माझं."

पोराचं म्हणणं टाकाऊ नाही. बेनिटेझना आयत्या बिळावरचा नागोबा म्हणणारे चाहतेही मी पाहिलेत, आणि तो सरळसरळ अन्याय आहे. हाफटाइमची ती पंधरा मिनिटं बेनिटेझचीच. त्याआधी युव्हेंटस आणि चेल्सी यांना ज्या शिस्तीनं थोपवलं तेही त्यांचंच. हुलिए राहिले असते तर त्याच दहा खेळाडूंना घेऊन लिव्हरपूल इस्तंबूलला पोचलं असतं, असं मला बिलकुल वाटत नाही. पण ज्या दिवशी हुलिए आले त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात काय होतं, हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

1998 मध्ये क्लबनं त्यांना नेमलं तेही धड नाही. रॉय एव्हान्स आधीपासून मॅनेजर होते, त्यांना काढवेना, म्हणून दोघांना मिळून जोडमॅनेजर केलं. एका म्यानात दोन तलवारी किती दिवस राहणार? नोव्हेंबरात एव्हान्स बाजूला झाले. संघात गुणी पोरं होती, पण क्लबची कीर्ती 'स्पाइस बॉइज' अशी होती: 1996 च्या एफए कपच्या फायनलला क्रीम रंगाचे सूट घालून आलेली आणि हरून गेलेली टोळी. पिणं, पार्ट्या, सरावाला ढिलाई. हुलिएंनी मेलवूड या सरावकेंद्राचा कायापालट केला, खाण्यापिण्याची शिस्त लावली, कप्तान पॉल इन्सला 1999 मध्ये विकून टाकलं. त्याच उन्हाळ्यात सामी हिपिया आला, 26 लाख पौंडांत, हॉलंडमधल्या विलेम टू या क्लबकडून. इंग्लंडमध्ये त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पुढची दहा वर्षं तो लिव्हरपूलच्या मागच्या फळीत उभा होता. पस्तीस वर्षांचा गॅरी मॅकलिस्टर फुकटात आला तेव्हा लोक हसले होते. एप्रिल 2001 मध्ये एव्हर्टनच्या मैदानावर अगदी शेवटच्या क्षणी त्यानं चाळीसेक यार्डांवरून मारलेली फ्री किक ज्यांनी पाहिली आहे, ते आता हसत नाहीत.

2000-01 चा तो मोसम. लिव्हरपूल त्या वर्षी 63 सामने खेळलं. लीग कप, एफए कप, युएफा कप, तिन्ही आले. कार्डिफला आर्सेनल पाऊण सामना डोक्यावर बसलेलं असताना लिव्हरपूलच्या ओवेननं शेवटी शेवटी दोन गोल करून एफए कप काढून नेला. चारच दिवसांनी डॉर्टमुंडला युएफा कपच्या फायनलमध्ये अलावेस या स्पॅनिश क्लबविरुद्ध 5-4, तोही जादा वेळेत, पडताक्षणी सामना संपवणारा गोल्डन गोल, आणि तो गोल प्रतिस्पर्ध्याच्याच डोक्याला लागून. आणखी तीन दिवसांनी चार्ल्टनला 4-0 हरवून लीगमध्ये तिसरी जागा. ऑगस्टमध्ये चॅरिटी शील्ड आणि बायर्न म्युनिकला हरवून सुपर कप, म्हणजे एका कॅलेंडर वर्षात पाच चषक. हे सगळं रटाळ फ्रेंच मास्तरनं केलं, बरं का.

मग 13 ऑक्टोबर 2001. लीड्सविरुद्धच्या सामन्यात हाफटाइमला हुलिएंच्या छातीत कळ आली. महाधमनी फाटली होती. अकरा तासांची शस्त्रक्रिया झाली. सहायक फिल थॉम्पसननं संघ सांभाळला, आणि 19 मार्च 2002 रोजी रोमाविरुद्धच्या सामन्याला, जो दोन गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं, हुलिए अॅनफील्ड या घरच्या मैदानावर परत येऊन उभे राहिले. गाल आत गेलेले, कोट अंगावर लोंबतोय. लिव्हरपूल 2-0 जिंकलं. त्या मोसमात 80 गुणांसह संघ दुसरा आला. हा माणूस 1969 मध्ये लिव्हरपूलच्याच एका शाळेत शिकवायला आला होता आणि डंडॉक या आयरिश क्लबविरुद्धचा 10-0 चा सामना त्यानं अॅनफील्डच्या कॉप या स्टँडवर, सामान्य प्रेक्षकांत उभं राहून पाहिला होता. त्यामुळे चाहत्यांच्या मनात त्यांच्याबद्दलचा ओलावा कुठून येतो हे मला कळतं. तो खोटा नाही.

पण या ओलाव्यात पुढचं सगळं वाहून जातं. 2002 च्या त्याच वसंतात लेव्हरकुसेन या जर्मन क्लबविरुद्ध, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी हाताशी असताना, त्यांनी हामानला बाहेर काढून श्मित्सरला आणलं आणि मधली फळी उघडी पडली. उन्हाळ्यात उसना आणलेला अनेल्का परत पाठवला आणि त्याच्याऐवजी एल-हाजी दिउफ, सोबत दिआओ आणि शेरू. तिघांच्या खरेदीचं समर्थन आज कुणीही करत नाही. पुढच्या मोसमात नोव्हेंबरपर्यंत पहिल्या स्थानावर असलेला संघ नंतर लीगचे सलग अकरा सामने जिंकू शकला नाही. शेवटच्या मोसमात आर्सेनल अपराजित राहून 90 गुणांवर, आणि लिव्हरपूल तीस गुणांनी मागे. हुलिए पत्रकार परिषदेत कॉर्नर किती मिळाले, गोलाकडे फटके किती मारले याची आकडेवारी सांगायला लागले. संघाची हिंमत खचली होती, आणि ती परत आणणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. त्यांना काढलं, ठीक झालं. कृतज्ञतेपोटी आणखी दोन वर्षं ठेवलं असतं तर जेरार्ड चेल्सीला गेला असता आणि आज या लेखाला विषयच राहिला नसता.

पुढचं जे म्हणायचंय ते इथेच अडतं. आपण कृतज्ञता म्हणजे मुदतवाढ समजतो. एखाद्यानं चांगलं काम केलं असेल तर त्याला हलवायचं नाही, आणि हलवायचंच असेल तर आधी तो मुळातच वाईट होता असं सिद्ध करायचं. हलवणं सोपं जावं म्हणून त्याची सहा वर्षं मागे जाऊन पुसायची. 2004 मध्ये इंग्लंडात हेच झालं. आपल्याकडे रोज होतं.

आपल्याकडचंच फुटबॉल घ्या. मुंबई एफसी नावाचा क्लब होता, कूपरेजवर खेळायचा. खालिद जमील 2009 पासून 2016 पर्यंत तिथले कोच होते. पैसे बेताचे, नावाजलेले खेळाडू नाहीत, पण सात मोसम त्यांनी संघाला आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये टिकवून धरलं. कौतुक काय झालं? 'बचावात्मक खेळतात, पदावनती टाळण्यापलीकडे महत्त्वाकांक्षा नाही.' 2016 मध्ये ते गेले. 2016-17 च्या मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन पदावनत झाला आणि पुढे क्लबच बंद पडला. त्याच मोसमात जमील ऐझॉल एफसीला घेऊन भारताचे विजेते झाले. हा क्लब आदल्या वर्षी स्वतःच पदावनत झालेला, मागाहून परत घेतलेला. त्यांच्यासोबत जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबईचीच पोरं होती. सात वर्षं नुसतं तगून राहण्याला मुंबईत कुणी यश म्हटलं नव्हतं. ते केवढं यश होतं, हे तो माणूस गेल्यावर एका मोसमात दिसलं. आज तेच जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावला सिंगापूरकडून 2-1 हरून आशियाई चषकाची पात्रता हुकली, तेव्हा 'हटवा' म्हणणारे लगेच उभे राहिले. हटवायचं की नाही यावर वाद होऊ शकतो. पण त्या गटात पहिले सामने त्यांच्या आधीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळले गेले होते, हे वादात कुणी काढत नाही.

द्राक्षाच्या गावात राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. एप्रिलमधली खरड छाटणी कुणी बघायला येत नाही. माल निघून गेलेला, उन्हाचा कडाका, बाग बोडकी. पण पुढच्या हंगामाचा घड काडीत धरतो तो त्याच दिवसांत. ऑक्टोबरच्या छाटणीला तो बाहेर दिसतो, आणि फोटो निघतात फेब्रुवारीत. एप्रिलात ज्याच्या हाताखाली बाग बिघडली, त्याला ऑक्टोबरात कितीही भारी माणूस आणून घड काढून देता येत नाहीत.

आता आमच्या शहराकडे या. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. 2015 चा झाला, 2027 चा तोंडावर आहे. गोदावरीत पर्वणीच्या दिवशी लाखोंनी लोक उतरतील तेव्हा पाणी कसं असेल, हे तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या मलनिस्सारण केंद्रांवर आणि कुणाला न दिसणाऱ्या गटारांच्या जाळ्यावर ठरणार आहे. असल्या कामात आराखडा एकाच्या काळात होतो, निविदा दुसऱ्याच्या, खोदकाम तिसऱ्याच्या, आणि रस्ता खोदल्याबद्दलच्या शिव्याही तिसऱ्यालाच. शासकीय बदल्यांचा 2005 चा कायदा एका पदावर साधारण तीन वर्षं धरतो. ती किती भरतात हे पेपर वाचणाऱ्याला माहीत आहे. मग एकाला नारळ मिळतो आणि दुसरा नारळ फोडतो. कोनशिलेवर नाव दुसऱ्याचं. आणि खरी गंमत पुढे: पहिल्याच्या बदलीवर शहरात मोर्चा निघतो किंवा फटाके फुटतात, पण त्यानं काय सोपवलं याबद्दल दोन्ही गटांना काडीचं कुतूहल नसतं.

खेळातही हेच. सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य आणि ग्वांगझू आशियाडमध्ये रौप्य जिंकलं. तिच्यामागे नाशिकला वर्षानुवर्षं पोरींना पळवणारे प्रशिक्षक विजेंदर सिंग होते, आणि त्यांचं नाव निदान नाशिकच्या खेळजगतात लोकांना माहीत आहे. हे भाग्य अपवादाचं. शाळांच्या मैदानांवर उजाडायच्या आत चुन्याच्या रेघा मारणारे, क्रिकेटच्या मॅटिंगला वळसा घालून फुटबॉलचा अर्धा चौकोन आखणारे, पंक्चर बॉल घरी नेऊन शिवणारे कोच तुम्हालाही माहीत असतील. त्यांचा मुलगा जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्याच्या अकादमीत जातो. तिथून पुढे सत्कार झाला की व्यासपीठावर शेवटचा कोच असतो. पहिल्या कोचचं वर्षाचं कंत्राट तेव्हा 'निकाल नाही' म्हणून शाळेनं वाढवलेलं नसतं. निकाल तर ट्रेननं पुढे निघून गेलेला असतो.

यावर एक आक्षेप जोरकस आहे आणि तो मिसळीच्या टेबलावरच्या आक्षेपापेक्षा अवघड आहे. पाया मी घातला, हे कुणीही म्हणू शकतो. प्रत्येक नापास अधिकारी, प्रत्येक पडलेला नगरसेवक, प्रत्येक हटवलेला कोच हेच म्हणतो. माझं धोरण फळाला यायच्या आत मला काढलं! पायाचं श्रेय वाटायला बसलो तर निकम्म्यांची रांग लागेल.

लागू द्या. रांगेतल्या प्रत्येकाला एकच विचारायचं: तुझ्या नंतरच्या माणसानं तुझी कुठली वस्तू वापरली? दाखव. भावना नको, 'वातावरण निर्माण केलं' नको. हुलिएंकडे दाखवायला दहा नावं आहेत, एक चौथी जागा आहे, एक सरावकेंद्र आहे. जमील यांच्याकडे सात वर्षांचे तक्ते आहेत आणि आठव्या वर्षाचा, ते नसतानाचा. ज्याच्याकडे असं काही नाही त्याला पायाचं श्रेय मागता येणार नाही. आणि उलट बाजूही याच मापानं मोजायची. दिउफ, दिआओ, शेरू हेसुद्धा हुलिएंनीच पुढच्याच्या पदरात टाकलेले होते. बेनिटेझना तो गाळ उपसावा लागला. तो हिशेबात धरला तरी बाकी जमेची राहते, आणि मी त्यांना कमी लेखलेला मॅनेजर म्हणतो ते या बाकीमुळे. डॉर्टमुंडच्या रात्रीच्या आठवणींनी डोळे भरून येतात म्हणून नाही.

ज्यांच्यासाठी आपण इतका काटेकोर न्याय मागतोय, त्यांनी तो स्वतः कितपत केला हेही लिहून ठेवायला हवं. नोव्हेंबर 1993 मध्ये हुलिए फ्रान्सचे प्रशिक्षक होते. बल्गेरियाविरुद्ध बरोबरी पुरेशी असताना शेवटच्या मिनिटाला कोस्तादिनोव्हनं गोल केला आणि फ्रान्सचा 1994 चा विश्वचषक हुकला. त्या गोलाआधी चेंडू वेळकाढूपणानं धरून न ठेवता मध्ये टाकून दिला म्हणून हुलिएंनी सगळं खापर दाविद जिनोलावर फोडलं, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यात माघार घेतली नाही. अख्खी पात्रता फेरी एका माणसाच्या एका पासवर. लिव्हरपूलच्या चाहत्यांना हे प्रकरण आठवत नाही, फ्रेंचांना आठवतं. गोड आठवणींचं हेच असतं. त्या आपल्या क्लबच्या हद्दीबाहेर जात नाहीत.

म्हणून चाहत्यांच्या आठवणींवर न्यायनिवाडा सोपवायला मी तयार नाही. चाहता प्रेमानं आठवतो, आणि प्रेम उशिरा येतं. त्याचा आधीच्या माणसाला काही उपयोग नसतो आणि नंतरच्याला त्रासच होतो. काढण्याच्या दिवशीच मोजलं तर उपयोग. आपल्या कचेऱ्यांत चार्ज देण्याघेण्याची पद्धत जुनी आहे, टेबलखुर्च्या आणि किल्ल्यांपर्यंत यादी होते. तीच यादी महापालिकेनं आयुक्तांच्या बदलीच्या दिवशी कामांची करून वेबसाइटवर टाकावी. कुठलं काम कितपत झालेलं मिळालं, कितपत करून दिलं, कुठलं बिल थकवून चाललेत, कुठला ठेकेदार गळ्यात बांधून चाललेत, आणि खाली येणाऱ्या नि जाणाऱ्या दोघांच्या सह्या. शाळांनी क्रीडाशिक्षकाचं कंत्राट थांबवताना त्यानं तयार केलेली मुलं आज कुठल्या संघात आहेत ते दोन ओळीत लिहावं. सिंहस्थाच्या आधी आणखी एखादी बदली झालीच, आणि ती होणार नाही यावर मी पैज लावणार नाही, तर सुरुवात तिथून करता येईल.

मिसळीच्या टेबलावरच्या पोराला मी इस्तंबूलची यादी मोबाइलवर पाठवली. दहा नावांवर त्याचं उत्तर आलं नाही. दिउफवर मात्र आलं, हसण्याच्या चार इमोजींसह.